दिवे बत्तीस, पायरी अंधारात

(सामुदायिक रेडिओवर आषाढात प्रसारित झालेलं भाषण)

आम्ही जासईच्या बचत गटातल्या बाया. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं की दास्तान फाट्याजवळ आमचं गाव आहे. गेल्या वेळी पापडाच्या हिशोबावर बोललो होतो. आज दिव्यांबद्दल बोलणार आहोत. घर सजवायला काय काय वेगळे दिवे करता येतात, घरच्या वस्तूंचे कसे करायचे, कुठे लावायचे, हे सगळं सांगू. पण सुरुवात आमच्या गटातल्या एका आत्यांपासून करावी लागेल, कारण हे खूळ आमच्या डोक्यात शिरलं ते त्यांच्यामुळे.

आत्यांच्या मुलाने नवं घर बांधलं. हॉलला पीओपीचं छत केलं आणि छतात ते गोल, खोलगट बसवलेले दिवे लावले. नातवाने मोजून सांगितलं, बत्तीस. कडेने निळी पट्टी, ती वेगळीच. वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही सगळ्या माना वर करून बघत होतो. खोटं कशाला बोला, आमच्यातल्या दोघींनी घरी जाऊन नवऱ्याकडे तशाच दिव्यांचा हट्ट धरला.

तीन महिन्यांनी आत्या रात्री मोरीकडे जायला उठल्या. मागच्या पडवीत उतरताना एक पायरी आहे. तिथे दिवा नाही. हॉलचं बटण लांब, आणि ते दाबलं तर सगळं घर जागं होणार. म्हणून आत्या अंदाजाने चालल्या आणि पायरी चुकली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पडल्या पडल्या म्हणाल्या, “बाय गो, तिथं दिवाली न् माझे पायाखाली कालोख.”

आम्ही हसलो, पण बाहेर आल्यावर कुणी बोलेना. कारण प्रत्येकीला आपल्या घरची अशी एक जागा आठवत होती.

मग आम्ही एक केलं. आठवडाभर रोज रात्री जेवणाच्या वेळेला एकदोघींच्या घरी जायचं आणि नुसतं बघायचं. दिवे नेहमीसारखे लावलेले, बाई नेहमीसारखी कामात. उजेड कुठे पडतो, अंधार कुठे राहतो, एवढंच बघायचं. तुमच्या गटानेही हे एकदा कराच. पैसे लागत नाहीत, आणि दुसरीच्या घरातलं जितकं दिसतं तितकं आपल्या घरातलं दिसत नाही.

पहिली गोष्ट जवळपास प्रत्येक स्वयंपाकघरात दिसली. ट्यूब असते मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मधोमध. ओटा असतो भिंतीला लागून. बाई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली की उजेड तिच्या पाठीवर पडतो आणि तिची सावली विळीवर, तव्यावर, मासळीवर पडते. म्हणजे वर्षानुवर्षं आपण आपल्याच सावलीत भाजी चिरतोय! आमच्यातल्या एकीच्या बोटाला विळी लागायची ती म्हणे वय झालं म्हणून. वयाचा संबंध नव्हता. दिवा पाठीमागे होता.

याचा उपाय सोपा आणि दिसायलाही छान. ओट्याच्या वर जी भांड्यांची फळी किंवा कपाट असतं, त्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला लागून, एलईडीची लांब पट्टी बसवायची. फळीच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी खाली सोडली तर दिवा स्वतः दिसत नाही, नुसता ओटा उजळतो. फळीवरची पितळी भांडी आणि मागच्या फरशीवर पडणारी चमक, यांनी स्वयंपाकघराला जी शोभा येते ती छतातल्या दिव्यांनी येत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरातला मुलगा म्हणाला, “आये, हॉटेलसारखं वाटतंय.” तिला ते कौतुक वाटलं की टोमणा, हे अजून ठरलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवा डोळ्यात घुसतो. पांढराफेक बल्ब उघडा लोंबतोय, त्याच्याखाली माणसं डोळे बारीक करून बसलेली. डोळ्याला उघडा, तीव्र दिवा दिसला की डोळ्याची बाहुली आकसते आणि बाकीची खोली आहे त्याहून काळी वाटते. मग आपण म्हणतो उजेड कमी पडतोय, आणखी एक बल्ब लाव. बल्ब वाढतात, खोली तशीच. वय झालेल्या माणसाच्या डोळ्याला तर झगमगाटातून अंधारात आल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. आत्या झगमगाटातून नव्हे, झोपेतून उठल्या होत्या, पण संध्याकाळी हॉलमधून मोरीकडे जाताना त्याच पायरीवर त्या दोनदा अडखळल्या होत्या, हे सुनेने नंतर सांगितलं.

आता जुन्या घरांकडे येऊ. आमच्या गावात जमिनी सिडकोच्या नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच भागात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील आमच्याच जासईचे. त्यानंतर मोबदला आला, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. घरं बदलली ते चांगलंच झालं, गळक्या कौलांचं कौतुक आम्ही करणार नाही. पण त्या घरांमध्ये उजेडाच्या दोन युक्त्या होत्या आणि त्या घराबरोबर मोडीत निघाल्या.

एक म्हणजे कोनाडा. भिंतीत खोल कोनाडा, आतून पांढरा चुना फासलेला, त्यात घासलेटची चिमणी किंवा पणती. ज्योत एवढीशी, पण मागचा चुना तिचा उजेड उचलून खोलीत फेकायचा, आणि ज्योत आत असल्यामुळे थेट डोळ्यात यायची नाही. आज शहरात पैसे देऊन छताच्या कडेला खाच करतात, त्यात दिवा लपवतात, ती कोनाड्याचीच रीत आहे. तुमच्या नव्या घरात कोनाडा नसेल तरी चालेल. कपाटाच्या माथ्यावर, टीव्हीच्या पाठीमागे, पलंगाच्या डोक्याशी असलेल्या फळीमागे एक बल्ब किंवा पट्टी अशी ठेवा की ती बसलेल्या माणसाला दिसणार नाही, फक्त भिंत उजळेल. भिंत मात्र फिकट रंगाची हवी. गडद जांभळ्या भिंतीवर कितीही दिवे सोडले तरी ती उजेड पिऊन टाकते. म्हणून रंगारी यायच्या आधी दिव्यांचा विचार करावा, नंतर नाही.

दुसरी युक्ती म्हणजे काचेचं कौल. कोकणातल्या कौलारू घरांत चुलीवर किंवा देवघरावर एखादं कौल काचेचं बसवायचे. दिवसभर त्यातून उजेडाचा एक पट्टा जमिनीवर यायचा आणि सरकत जायचा. आमच्या एका आजीला त्यावरून वेळ कळायची, पट्टा उंबऱ्याला लागला की गुरं यायची. आता स्लॅबला ते जमत नाही, पण बहुतेक घरांच्या मागे पत्र्याची पडवी असतेच. तिथे चूल असते, लाकडं असतात, भरदिवसा बल्ब लागतो. त्या पडवीवर एक पत्रा फायबरचा, पारदर्शक घाला. बस्स. दिवसाचा बल्ब बंद.

याहून स्वस्तातली एक गंमत आहे. ब्राझील देशात उबेराबा म्हणून गाव आहे. तिथे आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास, वीज सारखी जायची त्या काळात, प्लास्टिकच्या बाटलीचा दिवा केला. दोन लिटरची पारदर्शक बाटली, त्यात स्वच्छ पाणी, पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून दोन टोपणं ब्लीच. पत्र्याला बाटलीच्या मापाचं भोक पाडायचं आणि बाटली अशी अडकवायची की वरचा भाग छताबाहेर उन्हात राहील आणि खालचा भाग खोलीत. वरून आलेलं ऊन पाण्यात वाकतं आणि चहूबाजूंना पसरतं. नुसत्या भोकातून उन्हाचा एकच गोळा जमिनीवर पडला असता, बाटलीमुळे सगळी खोली उजळते. कडक उन्हात ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड मिळतो. पुढे फिलिपाइन्समध्ये २०११ पासून इलाक डियाझ यांच्या संस्थेने हजारो झोपड्यांवर अशा बाटल्या बसवल्या.

आम्ही हे गुरांच्या गोठ्यावर करून पाहिलं. उजेड खरंच येतो, मुलं बघायला जमली. पण आमच्याकडचा पाऊस ब्राझीलचा नाही! पहिल्या जोराच्या सरीला भोकाच्या कडेने धार लागली, कारण आम्ही साधं डांबर लावलं होतं. नंतर सिलिकॉनचा सीलंट लावला आणि भोवती पत्र्याची छोटी कॉलर केली, तेव्हा थांबलं. म्हणून सांगतो, करायचं तर वैशाखात करा, मृगाच्या आधी. आणि ज्यांना परवडतं त्यांनी सरळ पारदर्शक पत्रा घालावा. रात्री या दोन्हींचा उपयोग नाही, हे सांगायला नको.

रात्रीच्या दिव्यांसाठी आता आपल्या हातच्या वस्तू. आमच्या गटाचा खरा आनंद इथे आहे.

करवंटीपासून सुरू करू. सुकं नारळ निवडायचं, ज्याचं खोबरं आपोआप सुटतं. अर्धं फोडताना डोळ्यांची बाजू एका तुकड्यात अखंड राहील असं फोडायचं. त्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, खिळ्याने सहज उघडतो, वायर तिथूनच ओवायची. म्हणजे वरचं भोक देवाने दिलेलंच आहे. बाहेरचा काथ्या खरवडून काढायचा, मग पॉलिश पेपरने घासायचं. हे कंटाळवाणं काम आहे, एका करवंटीला तास जातो, पण गप्पा मारत होतं. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला की करवंटी शिसवीसारखी काळीभोर चमकते. आता बारीक ड्रिलने भोकं पाडायची. भोकं कशी पाडायची याला आम्ही रांगोळीच धरली, ठिपक्यांची. सातला सात, मधे कमळ. आत शून्याचा एलईडी बल्ब, अर्ध्या वॅटचा. लावल्यावर भिंतीवर आणि छतावर ठिपक्यांची रांगोळी पडते. भोक जेवढं बारीक तेवढा ठिपका रेखीव, हे आम्हाला चार करवंट्या फुकट गेल्यावर कळलं.

एक चूक मुद्दाम सांगतो. सुरुवातीला एकीने करवंटीचा काथ्या शोभेसाठी तसाच ठेवला आणि आत घरातला जुना, तारेचा, ४० वॅटचा बल्ब घातला. अर्ध्या तासात करपल्याचा वास आला. जुन्या तारेच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते, काच हाताला चटका देते. करवंटी, टोपली, कागद, कापड यांच्या आत तसला बल्ब कधीही घालायचा नाही. एलईडी चालतो, पण तोसुद्धा बुडाशी तापतो, म्हणून वर हवा जायला जागा ठेवायची. बंद बरणीत मोठ्या वॅटचा एलईडी कोंडला तर तो लवकर मरतो.

मग टोपल्या. बुरुडाकडून आणलेली तांदूळ धुवायची रोवळी उलटी टांगली की तिच्या काड्यांच्या रेषा सगळ्या खोलीभर पसरतात. ९ वॅटच्या बल्बला रोवळी पुरेशी मोठी असते. जुनी रोवळीच वापरा, तिचा रंग तांबूस झालेला असतो आणि उजेड त्या रंगातून मधासारखा येतो. नवी करकरीत रोवळी हिरवट दिसते. सूप मात्र टांगू नका, भिंतीला टेकवून त्याच्या मागे दिवा ठेवा, सुपाची विण उठून दिसते. खाडीत जाणाऱ्या घरांत पागाचं फाटकं जाळं असतंच. वेताच्या दोन कड्या वर-खाली बांधून त्यावर ते जाळं ताणलं तर उंच नळकांड्यासारखा दिवा होतो, कोपऱ्यात उभा करायला. नायलॉन उष्णतेने वितळतो, म्हणून बल्ब मधोमध आणि जाळ्यापासून वीतभर लांब.

जुना कंदील कुणी भंगारात देत असेल तर अडवा. काच धुवा, गंज काढा, आत बॅटरीवरचा किंवा चार्जिंगचा लहान दिवा ठेवा. घासलेट नाही, काजळी नाही, आणि कंदील उचलून कुठेही नेता येतो. दिव्यांच्या आकारात आपल्या लोकांनी किती डोकं चालवलं होतं हे बघायचं असेल तर सहल काढून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. तिथे साखळीवर टांगायचे लामणदिवे, समया, हत्ती, पक्षी कोरलेले पितळी दिवे आहेत. आम्ही गेलो होतो तेव्हा एक वहिनी दिव्यांच्या कपाटासमोरून हलेचना, बस सुटायची वेळ झाली तरी.

देवघरात आम्ही एकच बदल केला आणि सगळ्यांना तो आवडला. समईच्या मागे पितळी ताट उभं केलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. दोन वातींचा उजेड चौपट वाटतो. विजेच्या लुकलुकत्या माळेची गरजच राहत नाही. ताटाच्या आसपास पडदा किंवा कागदाची फुलं ठेवू नका एवढंच.

बल्ब विकत घेताना आपण वॅट विचारतो, रंग विचारत नाही. पाकिटावर आकडा लिहिलेला असतो. २७०० ते ३००० के म्हणजे पिवळसर, संध्याकाळच्या उन्हासारखा. ६५०० के म्हणजे पांढरा, जरा निळसर. बसायच्या, झोपायच्या खोलीत आणि टोपलीच्या, करवंटीच्या दिव्यात पिवळसरच घाला, नाहीतर एवढी मेहनत दवाखान्यासारखी दिसते. तांदूळ निवडायला, शिवणाला, मुलांच्या अभ्यासाला पांढरा बरा. मासळी बघायलाही पांढराच. पिवळ्या किंवा लाल दिव्याखाली शिळ्या मासळीचे कल्लेसुद्धा लालबुंद दिसतात, हे संध्याकाळी बाजारात लक्षात ठेवा. अभ्यासाचा दिवा मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली वहीवर येत नाही. डावखुऱ्या मुलाचं उलट.

खर्चाचं म्हणाल तर ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. रोज पाच तास लावला तर जुना महिन्याला ९ युनिट खायचा, हा दीड युनिटही खात नाही. पण म्हणून बत्तीस लावायचे नाहीत! सहा वॅटचे बत्तीस म्हणजे १९२ वॅट. रोज पाच तासांचे महिन्याला जवळजवळ २९ युनिट होतात. आत्यांच्या मुलाला हा हिशोब आम्ही कागदावर लिहून दिला. त्याने आता बटणं वेगळी करून घेतली आहेत, एका वेळी आठ लागतात.

आता गणपती. श्रावण संपला की मखराची गडबड सुरू होईल. थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे साड्या, बांबू, कागद, सुपं यांची मखरं पुन्हा येऊ लागलीत, ते आम्हाला मनापासून आवडतं. पण दिव्यांच्या बाबतीत अजून तेच चाललंय. निळे, हिरवे, पळणारे दिवे, आणि त्यात मूर्तीचा चेहरा दिसत नाही. पेणच्या कारखान्यात कारागीर डोळ्यांची आखणी करताना श्वास धरतो, आणि आपण त्या डोळ्यांवर निळा झोत सोडतो. निळ्या-हिरव्या उजेडात मूर्तीचा गुलाबी रंग राखाडी पडतो. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना, थोडं पुढे, मखराच्या खांबांमागे लपवून दोन पिवळसर दिवे लावा. एक जरा मोठा, दुसरा लहान. दोन्ही सारखे लावले तर चेहरा सपाट दिसतो, एक मंद ठेवला की सोंडेला, गालाला गोलाई येते. मागच्या पडद्यावर खालून वर जाणारा एक मंद दिवा. बाकी माळा मखराच्या बाहेर, दारावर लावा. रंगीत काही हवंच असेल तर जुन्या पैठणीचा काठ किंवा जरीची ओढणी मागे ताणून तिच्या पाठीमागून दिवा सोडा, रंग कापडातून येईल.

माळेचा अॅडॉप्टर मखराच्या कापडात खुपसून ठेवू नका. तो तापतो. गेल्या वर्षी आमच्या एका घरी आरतीच्या वेळी कापूर कोण जाळतंय असं वाटलं, तो अॅडॉप्टरखालचा साडीचा पदर होता. वेळीच दिसलं म्हणून निभावलं.

विजेच्या कामाबद्दल थोडं कडक बोलतो. दिवा आपण करावा, वायर वायरमनने जोडावी. त्याच्याकडून तीन गोष्टी बघून घ्या. बटणाने फेज तुटतो ना, हे टेस्टरने दाखवायला सांगा. न्यूट्रल तुटत असेल तर बटण बंद असूनही होल्डर जिवंत राहतो, आणि आपण बल्ब बदलायला ओला हात घालतो. वायर दिव्यात शिरते तिथे आतून गाठ मारलेली हवी, म्हणजे टोपलीचं वजन जोडावर येत नाही. आणि मेन बोर्डात ईएलसीबी आहे का, ३० मिलिअॅम्पियरचा. अंगातून वीज जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. बत्तीस दिव्यांना खर्च करणाऱ्या घरात तो नव्हता. आपल्याकडची हवा खारी, लोखंडी होल्डर दोन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून अंगणात आणि मोरीकडे चांगल्या प्लास्टिकचा किंवा पितळी होल्डर घ्या आणि बाहेरच्या दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं बघा, म्हणजे पावसाच्या पाण्याने बिघडत नाही.

आणि पायऱ्या. यासाठी मोठा दिवा लागतच नाही. माणूस जवळ आला की आपोआप लागणारे लहान दिवे मिळतात, चार्जिंगचे, वायर नसलेले. तो पायरीच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली लावायचा, म्हणजे उजेड डोळ्यात न जाता पायरीच्या कडेवर पडतो. पायरीची कड चार बोटं पांढऱ्या रंगाने रंगवा, मंद उजेडातही दिसते. वीज जाते तेव्हाही हा दिवा चालतो. आमच्या तालुक्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर तिथे संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मग उरलेली रात्र तशीच. आपल्या गच्चीवरून तर बंदराचे उंच दिवे रात्रभर दिसतात, २०२४ पासून चिर्ल्याकडे अटल सेतूच्या रस्त्याचेही दिसतात. बाहेर इतका लखलखाट, आणि घरातली म्हातारी चाचपडत मोरीकडे जाते.

दिव्यांची अमावास्या आली आहे. त्या दिवशी आपण समया, निरांजनं, पणत्या चिंचेने घासतो, पाटावर मांडतो, कणकेचे गुळाचे दिवे करतो. यंदा त्यात एक वाढवा. मेन बंद करून घरातले सगळे बल्ब आणि ट्यूब कोरड्या फडक्याने पुसा. स्वयंपाकघरातल्या बल्बवर फोडणीच्या तेलाची आणि धुळीची जी चिकट साय असते ती काढल्यावर तोच बल्ब नवा वाटतो. आणि त्याच रात्री सासूबाईंना, आईला विचारा, रात्री उठल्यावर कुठे भीती वाटते. त्या पहिल्यांदा म्हणतील, कुठेच नाही. दुसऱ्यांदा विचारा.

आत्या आता काठी घेऊन चालतात. पडवीच्या पायरीशी आम्ही करवंटीचा दिवा लावून दिला, सातला सात ठिपक्यांचा. पायाखाली रांगोळी पडते म्हणून त्या काही दिवस तिच्यावर पाय ठेवायला तयार होईनात, बाजूने जायच्या. शेवटी सुनेने दिवा काढून ठिपक्यांची भोकं मेणाने बुजवली आणि खाली एकच मोठं भोक पाडलं. आता नुसता गोल उजेड पडतो, बरोबर पायरीच्या कडेवर.